वैजूचं एक वर्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, निपाणीला माझ्या आईला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. दुसरं काही कारण नाही.

मी बेळगावात मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला आहे. आयटीआय करून लागले. तयार माल माझ्या टेबलावर येतो, मी तो मापून बघते, बरोबर असला तर शिक्का मारते, नसला तर परत पाठवते. ऐकायला काय विशेष? काहीच नाही. पण मी परत पाठवलेला तुकडा तिथला कुठलाही पुरुष पुढे ढकलू शकत नाही. हे मला किती आवडतं, ते मी घरात कधी बोलले नाही. का बोलले नाही — तिकडेच येतेय. थोडा वळसा घालून येतेय, एवढंच.

आमचं गाव बेळगावाबाहेर, हिंडलग्याच्या पलीकडे. घरात मी, नवरा, सासरे — त्यांना आम्ही आप्पा म्हणतो — आणि नणंद वैजू. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्यामुळे रेशन कार्डावर कर्ती बाई म्हणून माझं नाव लागलं. अशा बाईच्या खात्यावर सरकार दरमहा दोन हजार रुपये टाकणार असं जाहीर झालं, तेव्हा माझी मुलगी तान्ही होती आणि मी रजेवर होते. अर्ज माझ्या नावानं गेला.

मुलगी सात महिन्यांची झाली आणि कारखान्यातून फोन आला. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरी बाई घेतो.

माझा नवरा वाईट माणूस नाही. डेअरीची दुधाची गाडी चालवतो, पोरीला खांद्यावर घेऊन गोठाभर फिरतो. तो अगदी मायेनं म्हणाला, "सरकारचं पैसं आता चालू होत्यात न्हवं? मग कशाला धावाधाव? ऱ्हा की पोरीजवळ." आणि मी मान हलवली. मला काम करायचंय — एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. कुणी मला मारणार होतं का? घराबाहेर काढणार होतं का? नाही. तरी निघालं नाही. ज्या घरात पैशाची नड नाही, तिथली आई तान्हं मूल टाकून कामाला जाते म्हणजे तिला मूल नको असणार — असं कुणी म्हणेल, याची मला भीती वाटली. बस्स, एवढ्याची.

तीन-चार दिवसांनी मी अंगणात दुपटी वाळत घालत होते. फोन वाजला. बँकेचा मेसेज, कन्नडमधला. दोन हजार जमा. पण कुठल्या खात्यावर? गावातल्या बँकेच्या नव्हे, निपाणीच्या. शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी उघडलेलं ते जुनं खातं. आधार अजून त्यालाच जोडलेलं होतं. ते खातं सासरी कुणाला ठाऊकच नव्हतं. नवरा दहा पावलांवर गाडी धूत होता. मी मेसेज पुसला. विचार करून पुसला म्हणू? विचार नंतर आला. बोट आधी गेलं.

त्या आठवड्यात आजूबाजूच्या बायकांचे पैसे आले. आपले का आले नाहीत, असं आप्पांनी विचारलं. मी म्हणाले, आधार जुळत नाही म्हणतात, वेळ लागेल. गावातल्या बँकेचं पासबुक भरून आणून दाखवलं. त्यात काहीच नव्हतं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, म्हणजे मला कामाला जावंच लागणार. जावंच लागणार! किती सोपं झालं सगळं. आता मला काही बोलायलाच नको होतं.

मग पोरीला कोण बघणार?

वैजूला त्याच महिन्यात बेळगावात नर्सिंगला जागा मिळाली होती. बारावीनंतर दोन वर्षं घरचं सगळं बघत थांबलेली पोर ती. ड्रेससाठी पांढरं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं तिनं. पण तान्ह्या पोरीला घरात ठेवून आमच्यापैकी एकीलाच बाहेर पडता येणार होतं. पैसे आले असते तर मी घरी राहिले असते आणि ती गेली असती. जेवताना ती आपणहून म्हणाली, "वैनी, तुझी जागा एकदा गेली की परत न्हाय मिळायची. एक वरीस मी हाय की. पैसं चालू झालं की पुढल्या वर्षी मी जाईन."

मी काय केलं? तिच्या ताटात भात वाढला.

एक तारखेला मी हजर झाले. दर महिन्याला मेसेज यायचा, मी तो पुसायची. आणि दर महिन्याला वैजू विचारायची, "आलं का गं?" मी फोन उघडून बघितल्यासारखं करायची. न्हाय गं. ती हसायची, पोरीला म्हणायची, तुझ्या आईच्या नशिबात सरकार न्हाय बघ. त्या पांढऱ्या कापडाची तिनं पुढं पोरीला झबली शिवली.

इथवर तुम्ही मला भित्री म्हणाल. पण पुढचं तसं नाही. पुढचं मी सगळं कळून केलं.

वर्ष सरलं. नर्सिंगचे फॉर्म पुन्हा निघाले आणि वैजू माझ्या मागे लागली — आपण जाऊन एकदा बघूनच येऊ, पैसे अडकलेत कुठं. माझ्या सुट्टीच्या दिवशी ती मला गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर घेऊन गेली. मुलगी तिच्या कडेवर. तिथल्या माणसानं माझा आधार नंबर घातला आणि म्हणाला, "कुठल्या बँकेला जोडलंय ते आत्ता कळतंय बघा. ओटीपी आला असंल, सांगा."

सहा आकडे माझ्या हातात होते. ते बरोबर सांगितले असते तर त्याच्या पडद्यावर निपाणीची बँक उमटली असती. वैजू त्याच्या खुर्चीमागे वाकून उभी होती, डोळे पडद्यावर. मी पाच आकडे खरे सांगितले, एक खोटा.

"चुकलं. परत बघा."

दुसरा ओटीपी आला. त्यातलाही एक आकडा मी बदलला.   तिसऱ्या वेळी वैजूनं हात पुढं केला. "आण वैनी, मी वाचतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात — मी वाचतो, मी येतो. मी फोन छातीशी धरला आणि म्हणाले, मला वाचता येतंय. जरा जोरातच म्हणाले. तिनं हात मागे घेतला.

तिसऱ्यांदाही मी चुकीचाच सांगितला. तो माणूस म्हणाला, आता आज होणार नाही, उद्या या. वाटेत वैजू माझ्या पुढं चालत होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. मी म्हणाले, दे माझ्याकडे, दमली असशील. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझ्याजवळ जागी हुईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. मला कामावर जायचं होतं. त्या आठवड्यात फॉर्मची मुदत संपली.

घरात बसलेल्या मुलीला स्थळं येतात. आप्पा म्हणाले, आता शिकायचं वय गेलं, बघूया. खानापूरकडचं शेतकरी घर मिळालं. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला सांगू? लग्नात मी वैजूला सोन्याची कर्णफुलं घातली. ओव्हरटाइमच्या पैशांतून केली, असं सांगितलं. ती निपाणीच्या खात्यातल्या पैशांची होती. सगळ्यांसमोर आप्पांचे डोळे भरून आले. म्हणाले, अशी वैनी सगळ्या पोरींना मिळावी.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी जेवताना सहज म्हणाले — पैसे सुरू झाले. मी वाट बघत होते. आता नवरा म्हणेल, सोड नोकरी. तो म्हणाला, "बरं झालं," आणि आमटी मागितली. मुलगी तोवर अंगणवाडीत जायला लागली होती. दुपारी आप्पा तिला आणायचे, जेवू घालायचे, झोपवायचेसुद्धा. पोर कशी सांभाळायची हे त्यांना चांगलं जमत होतं. दोन वर्षांपूर्वी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मीही नाही.

गेल्या महिन्यात वैजू बाळाला घेऊन माहेरी आली. चार महिन्यांचा मुलगा आहे. चुलीपाशी बसून तिनं मला विचारलं, "वैनी, तुझं ते पैसं नक्की कवा चालू झालं गं?"  कळलं असेल का तिला?

तसं काही नव्हतं. तिच्या गावातल्या एका बाईला मागचे अडकलेले पैसे अर्ज केल्यावर मिळाले होते. ते ऐकल्यापासून वैजूला माझी काळजी. तिनं घरूनच अर्ज लिहून आणला होता, कन्नडमध्ये, एकही खाडाखोड नाही. तिचं अक्षर फार सुंदर आहे. खाली माझ्या सहीपुरती जागा सोडलेली. म्हणाली, "तुझ्या हक्काचं हाय, सोडू नको. लई हाल काढलीस तू त्या दिवसांत."

मी सही केली.

चार दिवसांनी सासरी गेल्यावर तिचा फोन आला. तिनं विचारलं, अर्ज दिलास का? मी कारखान्यात होते, टेबलापाशी, अर्ज माझ्या पर्समध्ये होता.

मी म्हणाले, व्हय गं, कालच दिला.