आवाज बारीक शे

धुळ्याच्या एस.टी.त बसवताना आबांनी मला एकच उपदेश केला. "दोन्हीकडे देखी ले, मंगच रस्त्यात पाय टाक." मी जळगावला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला निघालो होतो, आणि बापाला काळजी रस्त्याची! पण आमच्याकडे ते साहजिक होतं. सोनगीरजवळ आमचं घर आग्रा रोडच्या अलीकडे आणि शेत पलीकडे. मधून रात्रंदिवस ट्रक. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. जे तिथेच राहिलात त्यांना तो रस्ता सांगायला नको, आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांच्या तो अजून स्वप्नात येत असेल.

जळगावात शांतिलालशेठच्या दुकानात मला एक टेबल मिळालं. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, राळेचा धूर, आणि समोर पोट उघडून पडलेले ट्रान्झिस्टर नि कॅल्क्युलेटर. पुढे वॉकमनही येऊ लागले. मी जात्याच धास्तीखोर. दुरुस्त केलेला सेट गिऱ्हाईकाच्या घरी पुन्हा बंद पडेल या भीतीने झाकण लावून परत उघडायचो. शेठ हसायचे, "अरे भाऊ, सेट चालेल, पण स्क्रूचे आटे जातील!" हळूहळू माझ्या तोंडातलं 'शे' जाऊन 'आहे' आलं. धास्ती तेवढी गेली नाही.

एकदा गावच्या ओळखीच्या एस.टी. ड्रायव्हरने आबांचा ट्रान्झिस्टर आणून दिला, घरच्या कापसात गुंडाळलेला. निरोप एवढाच, "आबा सांगस, आवाज बारीक शे." मला केवढा आनंद झाला! नवा स्पीकर बसवून सेट परत पाठवला. थोड्याच दिवसांत तोच सेट, तोच कापूस, तोच निरोप. मी व्हॉल्यूम कंट्रोल बदलला. साऱ्या जळगावचे रेडिओ बोलते करणाऱ्याला बापाचा एक सेट जमत नाही, या विचाराने मला घास गोड लागेना.

तिसऱ्यांदा सेट आला तेव्हा सेल पार उतरलेले होते. मी नवे घातले आणि दुकान हादरलं. शेठनी कानांवर हात ठेवले. सेट बंद केलेलाच नव्हता, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. आबांना तो बंदच वाटला असणार.

सेट ठणठणीत होता. बिघडले होते ते आबांचे कान. आणि मला आठवला तो आग्रा रोड. आबा तो रोज ओलांडत होते.

मी मागण्याआधीच शेठनी रजा दिली. गाडीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमचा ड्रायव्हर सगळी भिस्त हॉर्नवर ठेवून गाडी हाकत होता. त्याने हॉर्न दिला की समोरचा माणूस बाजूला व्हायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, ज्याला ऐकूच आलं नाही त्याचं काय?

गावाशी उतरलो तर आबा रस्त्याच्या पलीकडे, शेतातून परत निघालेले. हात आमच्या बैलाच्या, लाल्याच्या मानेवर. शिरपूरकडून ट्रक भरधाव येत होता. मी "आबा! आबा!" ओरडलो. त्यांचं लक्षच नाही. एवढ्यात लाल्याचा कान हलला. आबा जागीच थांबले. ट्रक गेला, लाल्याचा कान पुन्हा खाली आला, आणि दोघं सावकाश रस्ता ओलांडून आले.

"माले आयकू येत नही, पन लाल्याले येस," आबा म्हणाले. "तेना कान हालना का मी थांबस."

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "मंग रेडिओ दुरुस्तीले काबर धाडा?"

"ट्रक लांब राहस. रेडिओ ते कानले लावस मी, तो आयकू याले पाहिजे का नही?"

मला हसू आलं आणि रडूही.

पुढे धुळ्याला नेऊन त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. ते घामाने बिघडेल म्हणून आबा शेतात कधीच घालून गेले नाहीत. माझ्या जिवाला घोर तो घोरच राहिला. आबा शेवटी गेले ते घरी, अंथरुणावर. त्या दुःखातही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की रस्त्याने नाही नेलं.

आता मी पुण्यात राहतो. शेत विकलं, रस्ता रुंद झाला, घर पडलं. मुलं विचारतात, आपलं घर नेमकं कुठलं? मी सोनगीर सांगतो. पण डोळ्यांसमोर येते ती रेडिओच्या त्या खेपेची, परतीची सकाळ.

मी गाडीची वाट पाहत रस्त्याच्या अलीकडे उभा होतो. आबा आणि लाल्या पलीकडे पोचून शेताकडे वळले होते, पाठमोरे. गाडी दिसली आणि मी सवयीने ओरडलो, "आबा, येतो!" मग स्वतःलाच वेड्यात काढलं. आबा चालतच होते. लाल्याचा कान तेवढा माझ्याकडे वळला. आबा थांबले, त्या कानाकडे पाहिलं, आणि मागे वळून त्यांनी हात वर केला.