दुसऱ्या डेस्कटॉपवरचे आबा

माझे वडील वारले आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्युटरमधून बोलायला लागले, याला सर्वस्वी मीच जबाबदार आहे.

हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. मी मुळात कमी बोलणारा माणूस. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे दिवसभर नट-बोल्टांचा सहवास, आणि नट-बोल्ट समोरून काही विचारत नाहीत. घरी दहिवलीला आलो की बायको, माधुरी विचारते, आई विचारते, आणि मी "हं" म्हणतो. त्या "हं"च्या खाली काय काय पुरलं होतं, ते आज उकरून काढतो.

सुरुवात आंब्यांवरून झाली. खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. आबा गेल्यावर ते नामाकाका एकटेच बघायचे. नामाकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. तोच काटकुळा बांधा, तोच खोकला, तोच विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. अंधारात दोघांपैकी कोण बोलतंय, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नसे. त्या वर्षी आंब्यांची जेमतेम एक पाटी घरी आली. काका म्हणाले, "औंदा नाय रं लागलं फारसं." मी "हं" म्हणालो. पण मोहर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता! मग आंबे गेले कुठे?

ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, त्या माणसावर मी कॅमेरा बसवला.

(चिमण्यांसाठी मिळतं तसं लाकडी घरटं आणलं, कॅमेरा आत दडवला आणि काका जेवायला गावात गेले असताना शेतातल्या जांभळीवर चढवला. कुणी विचारलंच तर "पक्षी वाचले पाहिजेत" असं सांगायचं पाठ केलं होतं. कुणी विचारलंच नाही! काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर बघणार कोण?)

आता कॅमेऱ्यात दिसतंय ते बघायचं कुठे? घरात कॉम्प्युटर एकच. तो हॉलमध्ये, आबांच्या हार घातलेल्या फोटोच्या बरोबर खाली. त्यावर माझं कंपनीचं काम, माधुरीच्या शिकवणीचे पेपर, आईची भजनं, सगळा एस.टी. स्टँड. पण आमच्या कारखान्यात साहेब केबिनच्या दारात आले की एक सहकारी तीन बटणं दाबून क्रिकेट गायब करतो, ते मी हेरून ठेवलं होतं. त्याच्याकडूनच तो प्रोग्रॅम घेतला. एका पडद्यामागे चार पडदे! बटणं दाबली की समोरचं सगळं बाजूला सरकतं आणि दुसरंच जग पुढे येतं. पहिल्या डेस्कटॉपवर स्टोअरचा हिशेब ठेवला आणि दुसऱ्यावर काकांचं शेत. तिसरा माधुरीला दिला, चौथा रिकामा. (चौथा कशाला, ते मलाही माहीत नाही. जागा फुकट मिळाली की मराठी माणूस ती सोडत नाही.)

पहिल्याच आठवड्यात चोर सापडला. दुपारी मी घरूनच काम करत होतो. दुसऱ्या डेस्कटॉपवर गेलो, तर आंब्यावर माकडं! चांगलं कुटुंबच्या कुटुंब. त्या कॅमेऱ्याला बोलायचीही सोय होती. मी माइक चालू केला आणि "हाड! हाड!" करून ओरडलो. जांभूळ अचानक बोलायला लागल्यावर माकडं जी पळाली, ती बघून मी पोट धरून हसलो. काका निर्दोष होते. शहाण्या माणसाने त्याच दिवशी कॅमेरा उतरवला असता. पण उतरवायचा म्हणजे काकांसमोर झाडावर चढायचं, आणि "का बसवलास?" याचं उत्तर द्यायचं. मी गुपचूप पहिल्या डेस्कटॉपवर परत आलो. माइक मात्र तिकडे चालूच राहिला.

आणि इथे माझ्या अकलेचा कळस. मला वाटलं, डेस्कटॉप दिसत नाही म्हणजे आवाजही येत-जात नसणार! स्टोअरच्या माणसाचा हिशेब: कपाट बंद, म्हणजे आतला माल गप्प.

पहिला फटका माधुरीला बसला. दिवेलागणीच्या वेळी ती ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसत होती. फडकं नेमकं त्या तीन बटणांवरून फिरलं. पडदा बाजूला सरकला आणि आत राखाडी, धुरकट माळ दिसला. माळावर दोन पांढरे डोळे चमकत होते. ते हळूच जवळ आले, थांबले आणि माधुरीकडे बघत राहिले. फडकं परत फिरलं आणि पडद्यावर पुन्हा माझे नट-बोल्ट!

"अहो!" ती किंचाळली. "आत कोणीतरी आहे!"

(काकांचा कुत्रा, मोत्या. पण सांगणार कसं?)

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

"व्हायरसला डोळे असतात?"

"हल्ली असतात."

दुसऱ्या दिवशी आई देवापुढे दिवा लावत होती. मी शेजारीच सोफ्यावर पेपर वाचत होतो. कॉम्प्युटरवर स्टोअरची यादी उघडी होती, बाकी काहीच नाही. आणि आबांच्या फोटोखालून खोकल्याचा आवाज आला. मग सावकाश, दमलेला, ओळखीचा आवाज:

"राब भाजला. समदं झालं. निजतो आता."

आईच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत गेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला माहीत होतं की हे काका आहेत, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून आलेले, जांभळीखालच्या खाटेवर बसून नेहमीसारखे स्वतःशीच बोलतायत. पण माहीत असून काटा यायचा थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"ऐकलंस?" आई म्हणाली.

मी काय म्हणावं? मी "हं" म्हणालो!

आता इथे माझी बाजूही ऐका. आबा गेल्यापासून आई दोन घासांवर जगत होती. ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे बघायची. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी केस नीट विंचरून, खुर्ची ओढून ती कॉम्प्युटरपुढे बसली. "अवो, जेवलात का?" तिने विचारलं. तिकडून पळाल्यासारखा धडधड आवाज आला आणि मग शांतता. तिसऱ्या दिवसापासून नुसता श्वास ऐकू यायचा. आई समाधानाने म्हणाली, "ऐकतायत. जित्तेपनी कदी ऐकलं नाय, आता ऐकतायत." मग तिने कीबोर्डशेजारी चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. तिचं वजन वाढलं, गालांवर तेज आलं. खरं सांगितलं तर आबांना मी दुसऱ्यांदा मारणार होतो. म्हणून गप्प बसलो. (हे कारण उदात्त आहे. दुसरं कारण असं, की मी भित्रा आहे.)

रोज संध्याकाळी आई आबांना घरचं सगळं सांगायची. मी घरात शिरलो की आवाज हळू करायची. मला वाटायचं, भावकीतलं काही असेल.

एका रविवारी दुपारी दारात नामाकाका उभे. बगलेत पिशवी, पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. पाय अनवाणी. मे महिन्यात, भाजलेल्या रानातून आलेले पाय! तळव्यांना फोड आलेले. मला बाजूला घेऊन ते कुजबुजले, "रम्या, तुझ्यावर कोप झालाय रं."

"कुणाचा?"

"जांभळीवरच्या माउलीचा. डोळा हाय तिला. लाल. दिवे लागायच्या टायमाला उघाडतो. आन् बोलते! घागरीतनं बोलावं तशी. पैल्या दिशी इचारलं, जेवलात का? मी जो पळालो, चप्पल बांधावरच ऱ्हायली."

"मग?"

"मंग काय, दुसऱ्या दिशी परत गेलो. देवानं जेवलास का इचारावं आन् आपुन उत्तर न देता पळावं, बरं दिसतं का? पन तिच्याम्होरं तोंड उघडना. हात जोडून हुबा ऱ्हायलो. तवाधरनं रोज ऐकतो. तुझं समदं ठावं हाय तिला!"

"माझं काय?"

"डब्यातली कारल्याची भाजी तू कुत्र्याला घालतोस. मीटिंग हाय सांगून दुपारचा निजतोस. सासुरवाडीला जायचं म्हनलं की तुझी पाठ धरते." काकांनी आवाज आणखी खाली आणला. "आन् काल माउली रडली रं. म्हनली, पोरगा घरात हाय पन घरात नाय. हाक मारली तर लांबनं कुठनं तरी 'हं' येतो."

मी जमिनीकडे बघत होतो. तिथे काकांचे पाय होते.

"काका, हे पाय?"

"तुझा कोप उतरंस्तवर पायताण घालनार नाय, मनातल्या मनात बोललोय मी तिला. आज राखण देतो." राखण म्हणजे शेताच्या राखणदाराला द्यायचा मान. त्यासाठीच तो कोंबडा. "तुझा हात लागाया पायजे त्याला, म्हनून आनला. तू काय कुनाचं वाईट करनारा नायस. त्येबी मनातच सांगितलंय तिला."

म्हणजे ज्या माणसावर मी पाळत ठेवली, तो उन्हात तळवे भाजत माझ्या चारित्र्याची हमी देत होता! आणि तीही माझ्याच कॅमेऱ्याला!

तेवढ्यात मागे कपबशी वाजली. आई चहा घेऊन कधीची उभी होती.

"भावजी," ती हळू म्हणाली, "हे समदं मी बोलले."

"तुमी? कुनापाशी?"

"ह्यांच्यापाशी." तिने हनुवटीने कॉम्प्युटर दाखवला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सावकाश, एकाच वेळी, माझ्याकडे. कोंबड्यानेही. त्या क्षणी कंपनीत आग लागली असती तर मी आनंदाने विझवायला गेलो असतो.

मी खुर्चीत बसलो आणि तीन बटणं दाबली. नट-बोल्ट सरकले. जांभळीची सावली, रिकामी खाट, खाटेखाली मोत्या. काका पडद्याजवळ गेले, डोळे बारीक केले, खाटेवर बोट ठेवलं.

"ही माझी हाय."

"हं. हो. काका, तो लाल डोळा कॅमेऱ्याचा, अंधार पडला की लागतो. मी बसवला. आंबे कोण नेतं ते बघायला."

"मंग? कोन नेतं?"

"माकडं."

"कदी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मंग उतरवला का नाय?"

"तुम्हाला सांगावं लागलं असतं."

काकांनी पिशवी या बगलेतून त्या बगलेत घेतली. दाराशी माधुरी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती, ते मी अजून विचारलेलं नाही.

आई माझ्यासमोर आली. "म्हंजे ते नव्हते?"

"नाही, आई. काकाच होते. दोघांचा आवाज सारखा, म्हणून..."

तिने चहाचा कप टेबलावर ठेवला. इतक्या हळू, की आवाजसुद्धा झाला नाही. तिचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळू लागलं. तो क्षण कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

आणि तेव्हा कॉम्प्युटर खोकला.

पडद्यावर खाट रिकामीच होती. पान हलत नव्हतं. मोत्या मात्र उठून उभा राहिला होता आणि खाटेकडे बघून शेपूट हलवत होता.

आम्ही सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. पिशवी पडली होती. कोंबडा सोफ्याखाली शिरला होता.

"मी न्हाय," काका बोटांच्या फटीतून म्हणाले.

"लॅग," मी म्हणालो. "नेटवर्कमुळे आवाज मागाहून येतो. सकाळचा असेल."

(लॅग फार तर काही सेकंदांचा असतो, हे मला ठाऊक आहे. काका तर तीन गाड्या बदलून आले होते.)

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिचा चेहरा उजळला होता. "भावजी, तुमचा खोकला नुसता खोकला. ते खोकले की मागनं कपाळाला आठी घालायचे. मला ती आठी ऐकू येते." मग पदर खोचून ती स्वयंपाकघराकडे वळली. "बसा. जेवूनच जायचं. आन् माधुरी, पायाला लावाया खोबरेल दे त्यांना."

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी जेवली. काकांनी कोंबडा परत नेला. "तुझ्यापायी मारायचा, तर त्याचा काय गुन्हा?" एवढंच म्हणाले. वर्षभर तेवढंच. कॅमेरा मी आंब्यावर हलवायला निघालो, तर आई आणि काका, दोघांनीही हात लावू दिला नाही.

कंपनीत आता कुणाचा कॉम्प्युटर अडला की मलाच बोलावतात, चार डेस्कटॉप लीलया फिरवणारा माणूस म्हणून माझा तिथे मान आहे. घरी मात्र दिवेलागणीनंतर दुसऱ्या डेस्कटॉपवर जायची वेळ आली, तर मी माधुरीला हाक मारतो. ती कणकेचे हात पुसत येते, माझ्या खांद्यावर एक हात ठेवते आणि म्हणते, "तुम्ही डोळे मिटा, बटणं मी दाबते."