मोटारीचा फेटा

भाच्याला नवरदेव करून जुन्या मोटारीतून निघालो, तर निलंग्याच्या अलीकडे भर उन्हात ती बंद पडली. मुहूर्त तासावर आला होता.

गॅरेजातून कानात मोगरा खोवलेला मिस्त्री आला. बॉनेट उघडून नाडी बघावी तसा त्यानं इंजिनाजवळच्या पेट्रोलपंपाला हात लावला.

"पंपात पेट्रोल उकळायलंय, मामा. ओलं कापड गुंडाळा. माझी फडकी तेलकट, पाणी धरत न्हाईत." त्याची नजर माझ्या फेट्यावर थांबली.

"अरे, मामाचा मान हाय हा!"

"आज मान हिचा. ही न्हाई पोचली, तर मामाला कोन इचारतंय?"

त्यानं फेटा भिजवून पंपाला ऐटीत बांधला, वर तुरासुद्धा उभा केला. चहा संपेतो गाडी सुरू!

मांडवाच्या दारात गाडीतून उतरताच व्याह्यांनी विचारलं, "मामा, फेटा कुठाय?"

मी दिमाखात बॉनेट उघडलं.