चौकटीतला माणूस

कोचिंग क्लासमधलं शिकवणं सुटल्यावर मला फोटोंचा नाद लागला. लातूरहून दर रविवारी मी एकाच्या जीपमधून भूकंपानंतर ओस पडलेली गावठाणं बघत फिरायचो. त्या जीपवाल्याबाबतची माझी एक चूक आता सत्तरीत तरी कबूल करायला हवी.

त्याला एक खोड होती. घराचा नुसता उंबरा उरला असला तरी तो चपला काढायचा, "हाय का कोन घरात?" असं विचारायचा आणि क्षणभर थांबूनच आत जायचा. मी हसायचो.

"इचारायला काय जातंय, सर?" एवढंच तो म्हणायचा.

एका गावात दगडी चौकट तेवढी उभी होती. तिथं मात्र त्यानं काहीच विचारलं नाही. चपला काढून सरळ चौकटीत जाऊन उभा राहिला.

मी ओरडलो, "अरे, सरक बाजूला, फोटोत येतोयस!"

तो बाजूला सरकला.

तो फोटो मी माझ्या जुन्या क्लासच्या हॉलमध्ये लावला आणि खाली लिहिलं, 'घरमालक अज्ञात'. मला न्यायला आला तेव्हा त्यानं ते वाचलं.

"अज्ञात कशाला, सर? तुमीच म्हनलाव की, बाजूला सरक म्हनून."

मला वर बघवेना. आता हा पुन्हा येणार नाही, असंच मी धरून चाललो होतो. पण रविवारी सकाळी जीप माझ्या दारात उभी होती.

त्यानं ती थेट त्याच गावी नेली. त्या दगडी चौकटीत उभं राहून त्यानं कॉलर नीट केली. "या सर, घरात या. मग काढा फोटो."

मी आधी बूट काढले.