आझाद मैदानातले पाहुणे

“ती निळ्या ड्रेसवाली नवीन दिसतीय. कुठल्या वाडीची?”

आवाज माझ्या पाठीमागून आला. निळा ड्रेस माझाच होता, आणि मी कुठल्याच वाडीची नव्हते. साताऱ्याहून आमच्याकडे उरणला आलेल्या आत्याला मी मुंबई दाखवायला निघाले होते. सकाळी उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने आलो, बोरीबंदर पाहिलं. पुढे म्युझियम, मग गेटवे, असं सगळं मी मोबाइलमध्ये लिहून आणलं होतं. आझाद मैदान त्यात नव्हतं.

पण चार बायका बसलेल्या दिसल्या की माझ्या आत्याला उभं राहवत नाही. इथे तर ताडपत्रीवर पन्नासेक होत्या. चपला काढून ती सरळ त्यांच्यात जाऊन बसली. फलक वाचला तो मी. तीन वाड्यांची मिळून चौथीपर्यंतची एक शाळा. मुलं कमी म्हणून ती बंद होणार होती आणि मुलांना ओढ्यापलीकडच्या गावात जावं लागणार होतं.

“आत्या, हे आंदोलन आहे,” मी कुजबुजले.

“असंना का. बसायला कुणी नको म्हनलंय?”

तिने शेजारणीला माहेर विचारलं, मग सासर, मग मावशीचं गाव. पाचव्या मिनिटाला त्या बाईची चुलती आत्याच्या नणंदेची जाऊ निघाली.

“आगं, मग पाहुणंच की आपन!”

लगेच फडकं सुटलं, भाकरी आणि ठेचा पुढे आला. आत्या पोटभर जेवली. मी ठेच्याला नुसतं बोट लावलं आणि पाण्याची बाटली संपवली.

“निघू या ना,” मी म्हटलं. “ओहोटी लागली की लाँच बंद होते. गेटवे राहील.”

“पाहुण्यांची भाकरी खायची आन् त्यांचं काम अडलेलं असताना उठायचं? गेटवे काय पळून चाललाय?”

शाळेत आम्हाला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून उठायला शिकवलं होतं. ते इथे चालणार नव्हतं. मी बसून राहिले. शेजारणीची मुलगी दुसरीत होती. “ओढा भरला की मोठी मानसं जात न्हाईत पलीकडं,” शेजारीण म्हणाली. “माझी घरीच बसंल. एकदा बसली की बसलीच.” हे सांगताना ती माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

इतक्यात टीव्हीवाला आला. दोनच मिनिटं आहेत म्हणाला. बोलणाऱ्या सरपंचबाई निवेदन घेऊन मंत्रालयात गेलेल्या. इतका वेळ गलका करणाऱ्या पन्नास बायका एकदम पदर सावरत गप्प झाल्या. शेजारीण पुढे सरकली आणि माइक बघून परत मागे झाली. तो कॅमेरा खाली घेऊ लागला.

“थांबा की वो,” आत्या ओरडली. “आमची भाची हाय. इंग्लिश शाळेत शिकलीय!”

वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. माइक हनुवटीला लागला.

“मॅडम, कुठून आलात? मागणी काय?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शेजारणीने माझं मनगट धरलं होतं.

“आम्ही मुंबई बघायला आलोय,” मी म्हणाले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. “पण ह्यांची शाळा बंद करू नका. ओढा भरला की मुली घरी बसतील, आणि एकदा बसल्या की परत शाळेत यायच्या नाहीत.”