अर्धी गोळी

बावड्याचे जोतीरामतात्या डॉक्टर नव्हते. एकतीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होते, एवढंच. पण डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि गावानं तात्यांनाच डॉक्टर करून टाकलं. तात्यांनीही कुणाची समजूत कधी दुरुस्त केली नाही. खिशाला पेन, कोनाड्यात गोळ्यांचा डबा, आणि समोर कुणी नुसतं शिंकलं तरी "जीभ काढ" म्हणायची सवय.

म्हणूनच शेजारच्या शकुबाईनं आपलं मांजर त्यांच्याकडं आणलं. तिच्या घरात ती आणि ठकी, दोनच जीव.

"तात्या, ही सकाळधरनं गप पडलीया. अंग कढत लागतंय."

"ताप हाय," तात्यांनी निदान केलं. तापाची गोळी मधोमध मोडली. जीव लहान, म्हणून अर्धी. केवढी ती हुशारी! शकुबाईनं ठकीचं तोंड उघडून धरलं आणि तात्यांनी गोळी घशात ढकलली.

दुपारपर्यंत ठकीचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या, धाप लागली. दोघांनी तिला टोपलीत घातलं आणि वडापच्या जीपनं इंदापूर गाठलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टर राजलक्ष्मीबाई वयानं तात्यांच्या नातीएवढ्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "काय खाल्लंय हिनं? उंदराचं औषध, फवारणीचं काही? घरी कसली गोळी दिलीत का?"

शकुबाईनं तात्यांकडं पाहिलं.

"न्हाय," तात्या म्हणाले. "आमी काय बी दिलं न्हाय."

शकुबाईनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय उतारा कशावर देऊ? बसा बाहेर, रक्त तपासते," बाई म्हणाल्या.

दोघं बाकड्यावर बसले. शकुबाई आता तोंड उघडेल, मग उघडेल, अशी तात्यांना धास्ती होती. ती नुसती पदराचं टोक पिळत होती. आतून ठकीची घरघर ऐकू येत होती. 'डॉक्टरपासून काही लपवायचं नाही,' असं म्हणून तात्यांनी आयुष्यभर पेशंटांना दटावलं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. अर्ध्या तासानं ते उठले आणि आत गेले.

"बाई, तापाची अर्धी गोळी. नऊच्या सुमाराला. मीच दिली."

"पॅरासिटामॉल? आजोबा, मांजराला ती विषच असते. अर्धीसुद्धा." बाईंनी आवाज चढवला नाही, आणि तेच तात्यांना जास्त लागलं. "आल्या आल्या सांगितलं असतंत, तर एवढा वेळ गेला नसता."

उताऱ्याचं औषध माणसांच्या मेडिकलात मिळालं. सत्तरीचे तात्या चिठ्ठी घेऊन स्वतः धावत गेले आणि धावतच आले.

चौथ्या दिवशी ठकी घरी आली. तात्या शकुबाईच्या दारात उभे राहिले. आत पाऊल टाकवेना.

"शकू, तुला तर ठावं हुतं. का न्हाय बोललीस?"

"तुमीच न्हाय म्हणलासा. परक्या बाईफुडं तुमाला खोटं कसं पाडायचं?"

"आन् ठकी मेली असती म्हंजे?"

शकुबाई ठकीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

"मेली असती, तात्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता, तर तात्यांना तिच्याकडं बघता तरी आलं असतं.