लंडन ते फ्रँकफर्ट

अमेरिकेत एडिसनला आमच्याकडे पाच-सहा महिने राहून आई पुण्याला परत निघाली होती. फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं आणि मधे बराच वेळ होता. इतका वेळ ती एकटी काय करणार, याची मला काळजी. तिच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं.

"लंडनहून फ्रँकफर्ट किती लांब गं?" एका दुपारी तिने विचारलं.

लंडनला तिची शाळेतली मैत्रीण राहायची. दोघी साताऱ्याला एका बाकावर बसलेल्या. लग्नानंतर या मावशी आधी नैरोबीला गेल्या, मग लंडनला. त्यानंतर दोघींची भेट नाही. आईचं तिकीट लंडनवरून करता येतं का, हे मी विचारून पाहिलं होतं, पण जमलं नव्हतं.

माझ्या मुलीने शाळेचा अ‍ॅटलस आणून नकाशावर पट्टी ठेवली. "आजी, इट्स सो क्लोज!"

साधारण चारशे मैल भरले. मी किलोमीटर करून सांगितले.

"म्हणजे पुणे-नागपूरच की," आई म्हणाली. "आणि विमानाने?"

"दीडेक तास."

"एवढाच? बॉस्टनला तुझ्या नणंदेकडे जायला याच्या तिप्पट वेळ गाडीत बसलो आपण."

"आई, मावशींचे गुडघे दुखतात. घटकाभर भेटायला कोणी विमानाने येतं का? त्यांना उगाच संकोच होईल."

तिने रविवारी मात्र मला लंडनचा नंबर फिरवायला लावला.

"हे बघ, मला विमानतळाबाहेर सोडणार नाहीत," ती फोनवर सांगत होती. "पण तू विमानानेच आलीस तर तूही आतच असशील. दीड तास तर लागतो!"

पलीकडे मग मावशी इतक्या मोठ्याने हसल्या की मला बाजूला उभं राहून ऐकू आलं.

आईला विमानात बसवून आले तरी मला खरं वाटत नव्हतं. पुण्याला पोचल्यावर तिचा फोन आला.

"आल्या होत्या का गं मावशी?"

"आली की! माझ्याआधी येऊन दारातच उभी होती. आधी दोघी रडलो, मग चहा घेतला."

"आणि काय काय बोललात?"

"बोलतेय कसली! पहाटेची उठलेली. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपूनच गेली."

"अगं, मग उठवायचं नाही का? एवढ्या लांबून आल्या होत्या!"

"निघायची वेळ झाली तेव्हा उठवलं ना. तोवर मी नुसती तिच्याकडे बघत बसले होते. केस सगळे पांढरे झालेत गं तिचे. वेणी मात्र अजून तशीच घट्ट घालते."